आधी श्रीमंत होऊ, मग भूकंपाचं बघू?

२०१० साली सहा-सात आठवड्यांच्या अंतराने दोन भूकंप झाले आणि तेव्हापासून एक वाद ठरल्या रुळावरून धावतो आहे. १२ जानेवारीला हैती हादरलं, महत्ता (मॅग्निट्यूड) ७.०; मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. २७ फेब्रुवारीला चिली हादरलं, महत्ता ८.८, म्हणजे सुटलेली ऊर्जा जवळपास पाचशे पट. मृत सव्वापाचशेच्या आसपास. चिलीचं दरडोई उत्पन्न हैतीच्या दहा पटींहून अधिक होतं. झालं, निष्कर्ष तयार: भूकंप मारत नाही, गरिबी मारते. पुढची उडी तर कोणाच्या लक्षातही येत नाही: आधी देश श्रीमंत करा, सुरक्षितता मागोमाग येईल. समोरचा पक्ष तितक्याच घाईने म्हणतो, पैशाचा काही संबंध नाही, सगळा खेळ भ्रष्टाचाराचा. दोघांचंही चुकतं, पण पहिल्या पक्षाची चूक जास्त महागात पडते. संपत्तीचं आणि सुरक्षिततेचं नातं आहे, पण ते आपोआप जुळत नाही. उलट देश श्रीमंत होत असतानाची वीस-तीस वर्षंच सर्वांत घातक ठरू शकतात, कारण पुढची पन्नास-साठ वर्षं माणसं ज्या इमारतींत झोपणार त्या नेमक्या याच काळात घाईघाईने उभ्या राहतात.

आधी तुलनेबद्दल. महत्ता हा आकडा जमिनीच्या पोटात सुटलेल्या ऊर्जेचा. तीव्रता म्हणजे एखाद्या जागी प्रत्यक्ष बसलेला हादरा. बातम्यांत दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. हैतीच्या भूकंपाचं केंद्र राजधानीपासून पंचवीसेक किलोमीटरवर आणि उथळ होतं. चिलीचं समुद्रात होतं, कॉन्सेप्सियोन शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर. पाचशे पट ऊर्जा म्हणजे पाचशे पट हादरा नव्हे. दुसरी आवडती जोडी २००३ च्या डिसेंबरातली: २२ तारखेला कॅलिफोर्नियात सॅन सिमियनला साधारण साडेसहा महत्तेचा भूकंप, मृत दोन, २६ तारखेला इराणमधल्या बामला ६.६, मृत सव्वीस हजारांहून अधिक. हे आकडे ऐकून कोणीही गप्प होईल. पण सॅन सिमियनचं केंद्र डोंगराळ, विरळ वस्तीत होतं आणि वेळ सकाळी अकराची. बामला जमिनीच्या पोटातली भेग (प्रस्तरभंग) शहराला खेटून फाटली आणि पहाटे साडेपाचला लोक अंथरुणात होते. तरीही सगळा फरक अंतराच्या आणि वेळेच्या खात्यावर मांडता येत नाही. बामची घरं कच्च्या विटांची, वर मातीची जड छतं. असं घर पडतं तेव्हा त्याचा भुगा होतो. काँक्रीटच्या ढिगाऱ्यात तिरक्या स्लॅबखाली हवेची पोकळी उरते, माणूस दोन दिवस तग धरू शकतो. मातीच्या ढिगाऱ्यात धूळ नाकातोंडात जाते आणि खेळ मिनिटांत संपतो. किल्लारीला १९९३ साली अवघ्या ६.२ महत्तेच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यामागेही दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं मातीचं धाबं होतं.

तेव्हा श्रीमंतीचा फायदा होतो हे मान्यच करायला हवं. उत्पन्न वाढतं तसे भूकंपबळी घटतात हे अनेक देशांच्या आकडेवारीत दिसतं. तैवानमध्ये १९९९ च्या सप्टेंबरात सुमारे २,४०० माणसं गेली. एप्रिल २०२४ मध्ये ७.४ महत्तेच्या भूकंपात मृतांचा आकडा विशीच्या आत राहिला. दुसऱ्या वेळी केंद्र पूर्व किनाऱ्याजवळ होतं आणि तिथे वस्ती कमी, हे धरूनही सुधारणा नाकारता येत नाही. पण उत्पन्न आणि बळींच्या आलेखातली तिरकी रेघ एक गोष्ट सांगत नाही: त्या रेघेपासून लांब पडलेले ठिपके का पडले?

सोव्हिएत संघ घ्या. अणुबॉम्ब होता, अंतराळस्थानक होतं, सिमेंटचे डोंगर होते. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात स्पिताकला ६.८ महत्तेचा भूकंप झाला आणि सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. लेनिनाकान शहरात नऊमजली इमारतींची एक जात होती: कारखान्यात ओतलेले खांब आणि तुळया जागेवर आणून वेल्डिंगने जोडायच्या. त्या जातीच्या १३३ इमारतींपैकी ७२ भुईसपाट झाल्या. त्याच शहरात मोठ्या काँक्रीट-फळ्यांच्या इमारती होत्या, ज्यांत भिंतीच सगळा भार घेतात. त्या उभ्या राहिल्या. देश एक, तिजोरी एक, सिमेंट एक. फरक होता सांध्यात. त्यात त्या भागाचा धोका नकाशावर कमी धरला होता. रुग्णालयं पडली, त्यांत डॉक्टर गेले. म्हणजे जखमींना उचलून न्यायचं तरी कुठे? महासत्तेच्या पैशाला त्या दिवशी याचं उत्तर देता आलं नाही.

आणखी मागे जायचं तर लिस्बन. १ नोव्हेंबर १७५५ ला ते शहर कोसळलं तेव्हा पोर्तुगालकडे ब्राझीलचं सोनं जहाजांनी येत होतं. त्या सोन्याने चर्च मढली, राजवाडे सजले, भिंती मात्र जुन्याच राहिल्या. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्क्विस पोंबाल याने नवं शहर बांधायला घेतलं आणि दगडी भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालायला लावला: उभे-आडवे वासे, मध्ये फुलीसारखे तिरके. नमुन्याच्या बांधकामाभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली असं सांगतात. भूकंपाच्या आधीचं राज्य आणि नंतरचं राज्य संपत्तीने फार वेगळं नव्हतं, उलट नंतरचं खंगलेलं होतं. मग पिंजरा आधी का सुचला नाही?

कारण सुरक्षितता डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यासाठी लागणारा खर्च बहुतेकांना वाटतो तेवढा नसतो. एका खांबापुरतं बघू. तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब, आत उभ्या सळया, त्यांना कवळून धरणाऱ्या आठ मिलिमीटरच्या रिंगा. साध्या बांधकामात या रिंगा दर वीस सेंटिमीटरला. भूकंपासाठी खांबाच्या दोन्ही टोकांना, प्रत्येकी साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पट्ट्यात, त्या दर दहा सेंटिमीटरला हव्यात. म्हणजे एका मजल्याला एका खांबामागे चार-पाच रिंगा जास्त. एका रिंगेला सव्वा मीटरच्या आत सळई लागते. व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून वजन काढायचा साइटवरचा हिशेब लावला तर आठ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे चारशे ग्रॅम भरते. एकूण जादा लोखंड दोन-अडीच किलो. दुसरी अट तर फुकटची: रिंगेची टोकं काटकोनात न वाकवता १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात खुपसायची. काटकोनात वाकवलेली रिंग रोजच्या भाराखाली छान काम करते. हादरा बसला की बाहेरचं काँक्रीट सुटतं, रिंगेचं टोक उघडतं, उभ्या सळया कंदिलासारख्या फुगून बाहेर येतात, आतलं काँक्रीट खडीसारखं ओघळतं आणि वरचा मजला खाली बसतो. त्याच्यावर त्याच्या वरचा. तिसरी जागा सगळ्यांत कटकटीची, तुळई-खांबाचा सांधा. तिथे चारही बाजूंनी तुळयांच्या सळया घुसलेल्या असतात, रिंगा बसवायला फिटरचा अर्धा दिवस जातो, म्हणून त्या सरसकट गाळल्या जातात. आणि संध्याकाळी काँक्रीट ओतलं की विषय संपला. श्रीमंत देश असो की गरीब, त्यानंतर आत काय आहे हे कोणाला दिसत नाही.

इथे मधल्या उत्पन्नाच्या देशांची अडचण कळते. गरिबीत बांधलेलं लाकूड-बांबूचं घर पडलं तरी हलकं असतं. श्रीमंत देशात काँक्रीट असतं आणि त्याला तपासणारा माणूसही असतो. या दोहोंच्या मधल्या टप्प्यावर काँक्रीट पोचलेलं असतं, तपासणारा पोचलेला नसतो. सिमेंट ही प्रतिष्ठा होते, मजल्यावर मजला चढतो, तळमजल्यावर दुकानं किंवा पार्किंग हवं म्हणून खालच्या भिंती काढल्या जातात आणि सगळी इमारत काठ्यांवर उभी राहते. काँक्रीट सहज ओतता यावं म्हणून पाणी वाढवतात, ताकद तिथेच जाते. हैती गरीब होतं, पण तिथे माणसं मारली ती काँक्रीटच्या छतांनी आणि ठिसूळ ब्लॉकांनी. वादळात उडू नये म्हणून छप्पर जड केलं होतं. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटात मुळावर आला.

तुर्कस्तानचं उदाहरण या वादात सर्वांत जास्त बोलकं आहे. १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपात सतरा हजारांहून अधिक माणसं गेली. त्यानंतर सरकारने काय केलं नाही? घरांचा भूकंपविमा सक्तीचा केला, २००१ मध्ये बांधकाम तपासणीचा कायदा आणला, बांधकाम नियम पुन्हा लिहिले आणि ते जगातल्या चांगल्या नियमांत गणले जातात. देशाचं उत्पन्नही झपाट्याने वाढलं. आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला ७.८ आणि ७.५ महत्तेच्या दोन धक्क्यांत एकट्या तुर्कस्तानात त्रेपन्न हजारांहून अधिक माणसं गेली. हादरा काही ठिकाणी नियमांत गृहीत धरलेल्यापेक्षा जास्त होता हे खरं, पण एकाच गल्लीत एक इमारत उभी आणि शेजारची पत्त्यांसारखी आडवी, याचा खुलासा त्याने होत नाही. तपासणीचा कायदा आधी फक्त एकोणीस प्रांतांत लागू झाला, सगळीकडे पोचायला २०११ उजाडलं. तपासणारी कंपनी प्रत्यक्षात कंत्राटदारच निवडायचा. सोडतीने नेमणूक सुरू झाली ती २०१९ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करून घेण्याची माफी योजना आली आणि लाखोंनी अर्ज केले. सरकारी तिजोरीत भर पडली, म्हणजे हिशेबापुरता देश आणखी श्रीमंत झाला. खांबांतल्या रिंगा होत्या तेवढ्याच राहिल्या.

याच तुर्कस्तानने दुसरीकडे काय केलं तेही पाहा. जास्त धोक्याच्या भागात शंभर खाटांवरची नवी रुग्णालयं २०१३ पासून रबराच्या किंवा सरकत्या बेअरिंगांवर बांधणं बंधनकारक झालं. जमीन हलते, इमारत तिच्यावर संथ तरंगते. अशी रुग्णालयं २०२३ च्या भूकंपातही चालू राहिली, आणि इस्कंदेरूनमध्ये सरकारी रुग्णालयाची जुनी इमारत कोसळली. तिजोरी दोन्हींसाठी एकच होती, निकाल मात्र वेगळा आला. निकोलस अँब्रेसिस आणि रॉजर बिल्हॅम या दोन भूकंपशास्त्रज्ञांनी २०११ साली मांडलं होतं की आधीच्या तीन दशकांत इमारती पडून झालेल्या मृत्यूंपैकी ८३ टक्के मृत्यू अशा देशांत झाले, जिथे उत्पन्नाच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त भ्रष्टाचार होता. ‘उत्पन्नाच्या मानाने’ हे दोन शब्द दोन्ही पक्ष वाचताना गाळतात. आणि नियतीचा विनोद म्हणा, २८ मार्च २०२५ ला म्यानमार हादरलं तेव्हा हजारभर किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एकच उंच इमारत पूर्ण कोसळली, तीसेक मजल्यांची, नव्वदच्या आसपास मजूर-कर्मचाऱ्यांचे बळी घेऊन. ती सरकारी हिशेब तपासनीसांच्या कार्यालयासाठी बांधली जात होती.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. ज्या देशात मुलं जुलाबाने मरतात त्याने शेकडो वर्षांतून एकदा येणाऱ्या हादऱ्यावर पैसे का घालवावेत? बांधकाम नियम साधारणपणे पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यता असलेला हादरा धरतात, म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदा. गरिबाने आधी पाण्याचा नळ मागितला तर तो अडाणी ठरत नाही, तो शहाणा हिशेब करतो. जुन्या घरांच्या बाबतीत मला हा युक्तिवाद पटतो. लाखो जुनी घरं बळकट करणं खरोखर महाग आहे आणि श्रीमंत जपानलाही ते जमलेलं नाही. पण नवं घर तर बांधलं जाणारच आहे. तिथे निवड नळ की भूकंप अशी नसते, तिथे प्रश्न दोन-अडीच किलो लोखंडाचा आणि रिंग वाकवण्याच्या कोनाचा असतो. दगडी घर असेल तर भिंतीच्या दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड दर साठ सेंटिमीटर उंचीला आणि सव्वा मीटर लांबीला, आणि दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवळणारा सलग पट्टा. पट्टा कोपऱ्यात तोडला की तो नुसती शोभा उरतो. गवंड्याला हे माहीत नसेल तर पट्ट्याचे पैसे वाया गेले. हे शिकवायला देश श्रीमंत व्हावा लागतो का?

शाळा-रुग्णालयांचा हिशेब तर आणखी वेगळा, कारण एका इमारतीत शेकडो जीव असतात. २००८ च्या मे महिन्यात चीनच्या सिचुआनमध्ये शाळा कोसळून पाच हजारांहून अधिक मुलं गेली. त्याच प्रांतात सांगझाओच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक ये झिपिंग वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांकडून थोडेथोडे पैसे मागून आणत होते आणि निकृष्ट बांधलेल्या इमारतीचे खांब जाड करून घेत होते. दुरुस्तीचा खर्च मूळ बांधकामाच्या वर गेला. दर सत्रात बाहेर पडण्याचा सराव व्हायचा, कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने उतरायचं हे ठरलेलं. भूकंपाच्या दिवशी दोन हजारांवर मुलं आणि शिक्षक १ मिनिट ३६ सेकंदांत मैदानात होते. एकही मूल दगावलं नाही. प्रांत तोच, अर्थव्यवस्था तीच.

मदतकार्याकडे कॅमेरे असतात म्हणून त्याचं मोल फुगवून सांगितलं जातं. परदेशी पथकं, कुत्री, यंत्रं पोचायला एक-दोन दिवस जातात आणि जिवंत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतांश माणसं शेजाऱ्यांनीच काढलेली असतात. कोबेमध्ये १९९५ साली, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एका देशात, हेच झालं. पहार, जॅक, करवत, दोर या वस्तू मोहल्ल्यात आहेत का, हा प्रश्न हेलिकॉप्टरांच्या संख्येआधी विचारावा. संपत्ती खरी कामाला येते ती त्यानंतर. तासन्‌तास दबलेला पाय मोकळा केला की चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं, हृदय थांबू शकतं, मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून दगड उचलण्याआधीच शिरेतून साधं मिठाचं सलाईन सुरू करायचं असतं, आणि नंतर लागतो डायलिसिस. १९९९ च्या तुर्की भूकंपात असे ६३९ मूत्रपिंडाचे रुग्ण नोंदले गेले, ४७७ जणांना डायलिसिस द्यावा लागला आणि एकूण पाचांतल्या चारांहून अधिक वाचले. ही यंत्रं आयत्या वेळी विमानाने आणून भागत नाही. २०१५ मध्ये काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीला तडे जाऊ लागले म्हणून १९६ टनांवरची विमानं बंद करावी लागली होती.

उलट, पैसा असूनही चूक होते ती कशी? २०१० मध्ये चिलीच्या इमारती उभ्या राहिल्या, पण नौदलाच्या यंत्रणेने त्सुनामीचा इशारा मागे घेतला आणि लाटांत दीडशेहून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये ८.३ च्या भूकंपानंतर त्याच देशाने सुमारे दहा लाख माणसं किनाऱ्यावरून हलवली, मृत पंधरा. पाच वर्षांत देश काही दुप्पट श्रीमंत झाला नव्हता. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या १८५ बळींपैकी ११५ एकाच इमारतीत गेले. १९८६ च्या त्या इमारतीला परवाना मिळायलाच नको होता, असं चौकशी आयोगाने नोंदवलं. जपानच्या नोतो द्वीपकल्पात १ जानेवारी २०२४ ला जुनी लाकडी घरं जड कौलांसकट बसली. मालक सत्तरी-ऐंशीचे, मुलं शहरात. अनुदान मिळत असूनही आणखी दहा वर्षांसाठी घर बळकट कोण करतो? पुढे निवारा केंद्रांतल्या थंडीने आणि हालांनी मेलेल्यांची संख्या थेट बळींच्या वर गेली. राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा त्या म्हाताऱ्यांच्या घरापर्यंत पोचत नाही.

नेपाळने २०१५ नंतर जे केलं ते म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखं आहे. घरामागे तीन लाख नेपाळी रुपये, पण तीन हप्त्यांत: करार झाला की पन्नास हजार, जोतं तपासलं की दीड लाख, भिंती छतापर्यंत आल्या आणि पट्टे बरोबर बसले की उरलेले एक लाख. इंजिनिअरने नाही म्हटलं तर पुढचा हप्ता नाही. गरीब देशात तपासणीला दात आले ते असे. पुनर्निर्माण प्राधिकरण उभं राहायला मात्र आठ महिने लागले, पहिला हिवाळा लोकांनी पत्र्याखाली काढला. आणि तीन लाखांत कुटुंबाला पुरेल असं घर होत नाही. मग अनेकांनी हप्ते मिळावेत एवढ्यापुरती एक खोली नियमाप्रमाणे बांधली, पट्टे, आरपार दगड सगळं जिथल्या तिथे. तिच्यात धान्य नाहीतर बकऱ्या ठेवल्या, आणि राहायला गेले शेजारच्या तडे गेलेल्या जुन्या घरात.